दशावतार शूट करायचाय, कॅमेरा कोणता घेऊ? (बजेट साधारण लाखभर)

तळकोकणी_पुण्यात

मंडळी, सल्ला हवाय. आजोळ कुडाळच्या बाजूला. देवदिवाळीनंतर जत्रा सुरू होतील, तेव्हा आमच्या गावच्या जत्रेतला दशावतार धरून वीस-पंचवीस मिनिटांचा माहितीपट करायचं डोक्यात आहे. नुसतं नाटक रेकॉर्ड करायचं नाहीये, ते यूट्यूबवर ढिगाने आहे. मला रंगपट हवाय, नटांची रंगायची जागा. ट्रंकेवर आरसा टेकवून स्वतःचा रंग स्वतः लावणारी माणसं, मग रात्रभर राजा, आणि पहाटे दहीकाला झाला की पुन्हा लुंगी-बनियनवर सामान बांधणारा तोच माणूस.

बजेट सगळं मिळून लाखभर. विचारात आहेत सोनी झेडव्ही-ई१० किट लेन्ससकट, किंवा कोणाकडून तरी वापरलेला पॅनासोनिक जीएच५. आयफोन १३ खिशात आहेच, तर तिसरा पर्याय म्हणजे त्यालाच गिंबल (फोन न हलता धरणारी दांडी) लावणे. फोटो काढतो बऱ्यापैकी, व्हिडिओत नवखा आहे. कुठला कॅमेरा घेऊ?

शटरबहाद्दर

सोनी. विषय संपला. रात्रीचं शूट आहे, ऑटोफोकस लागणार. जीएच५ चा व्हिडिओ ऑटोफोकस कमी उजेडात पुढे-मागे हेलकावत बसतो आणि पडद्यावर ते लगेच कळतं.

फक्त किट लेन्स घेऊ नका. ती १६-५० लांब टोकाला एफ/५.६ होते, म्हणजे उजेड फार कमी आत घेते. त्याऐवजी सिग्मा ३० एमएम एफ/१.४ लावलीत तर चार स्टॉप (दर स्टॉपला दुप्पट) म्हणजे सोळापट उजेड आत येतो. तुमच्या रंगपटात हा फरक चित्र आणि चिखल यांच्यातला आहे.

नुस्ता_वाचक

वाचतोय. वाखु (वाचनखूण) साठवली आहे.

फोनपुराण

मी उलट सांगतो. काहीही घेऊ नका. २०१५ साली शॉन बेकरने आख्खा 'टँजरिन' आयफोन ५एस वर शूट केला आणि तो थिएटरात लागला. तुमच्याकडे तर १३ आहे. शिवाय रंगपटात मोठा कॅमेरा काढला की माणसं ताठ होतात. फोन सगळ्यांच्याच हातात असतो, त्याकडे कोणी बघत नाही.

शटरबहाद्दर

@फोनपुराण, 'टँजरिन' चं उदाहरण देणारे दर धाग्यावर भेटतात. तो लॉस एंजेलिसच्या उन्हात बराचसा चित्रित झाला, फोनपुढे अॅनामॉर्फिक अॅडॅप्टर (चित्र रुंद करणारी जोडलेन्स) होता, आणि आवाज फोनवर नाही, वेगळा घेतलेला होता. कुडाळच्या मांडवात रात्री दोन वाजता उजेड किती असतो ते आधी बघून या.

फोनपुराण

बघितलंय. हल्ली मांडवात एलईडी 'पार' (स्टेजवर मारायचे झगझगीत दिवे) लावतात, डोळे दिपतात. अंधार कुठला घेऊन बसलात.

आवाजवाला

सगळे कॅमेऱ्यावर तुटून पडलेत, आवाजाचं कोणी विचारतच नाही. दशावतार म्हणजे निम्मं ऐकायचं प्रकरण आहे. पायपेटी, मृदंग, झांज, आणि संवाद तर लिहिलेले नसतातच, उभ्या उभ्या रचतात. एखादं वाक्य गेलं की गेलं. 'दादा, पुन्हा एकदा म्हणा' असं सांगायची सोय नाही.

माझ्या मते लाखातले पहिले पैसे रेकॉर्डरवर घाला. टॅस्कॅम डीआर-४०एक्स सारखा, ज्याला मोठ्या एक्सएलआर पिना लागतात आणि लाइन इनपुट घेता येतो असा. साउंडवाल्याला दुपारीच जाऊन भेटा, चहा पाजा आणि मिक्सरचं रेकॉर्ड आउट मागा. ती वायर थेट कॅमेऱ्याच्या माइक भोकात घालू नका. मिक्सरमधून लाइन लेव्हल येते, माइक इनपुटला ती फार जोरात असते आणि आवाज फाटून निघतो. त्या टॅस्कॅममध्ये ड्युअल रेकॉर्डिंग म्हणून सोय आहे, तोच आवाज हळू पातळीवर दुसऱ्या फाइलमध्ये पडत राहतो. संकासुर राक्षसाने अचानक आरोळी ठोकली तर ती दुसरी फाइल वाचवते.

पण फक्त मिक्सरचा आवाज वापरलात तर आकाशवाणीवरचं नाटक होईल. बाया हसतात, पोरं रडतात, मागे भजीवाल्याची कढई चुरचुरते, हे सगळं मिक्सरमध्ये येत नाही. रेकॉर्डरचेच दोन माइक प्रेक्षकांकडे तोंड करून चालू ठेवा. चार ट्रॅक आहेत, वापरा; फक्त चार ट्रॅकवर असताना ते ड्युअल रेकॉर्डिंग चालत नाही, तेव्हा पातळी आधीच खाली ठेवा.

संपादनकन्या

आवाजवाल्या काकांना +१००. माझी रोजीरोटी एडिटिंग आहे. चित्र जरा हललं तर कापून टाकता येतं, आवाज फाटला की काहीच करता येत नाही.

एक जोड: रात्रभर रेकॉर्डर आणि कॅमेरा वेगवेगळे चालले की त्यांची घड्याळं हळूहळू सरकतात. सुरुवातीला टाळी वाजवून जुळवलं तरी दोन-तीन तासांनी ओठ आणि शब्द काही फ्रेमनी चुकतात. म्हणून प्रत्येक वेळी कॅमेरा थांबवून सुरू केलात की पुन्हा एक टाळी. आणि कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक बंद करू नका. तो आवाज वापरायचा नसतो, पण दाविंची रिझॉल्व्ह हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर त्याच्या लहरी बघून दोन्ही आपोआप जुळवतं. रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती तुम्हाला पुरून उरेल.

लग्नशूटर

तीस वर्षं लग्नं शूट करतोय, सांगलीकडे. व्हीएचएसचा कॅमेरा खांद्यावर आणि पोऱ्याच्या हातात हजार वॅटचा हॅलोजन, अशी सुरुवात केलेली. नवरीच्या कपाळावरचा घाम हा त्या दिव्याचा असायचा, माहेर सुटण्याचा नाही.

तुम्हाला रात्रभर न थांबणारं यंत्र पाहिजे. हे छोटे फोटोचे कॅमेरे फोरकेमध्ये तास-दीड तास सलग चालवले की तापतात. सोनीच्या मेनूत तापमानावर बंद होण्याची मर्यादा 'हाय' करायची सोय आहे ती आधी करून घ्या. नाहीतर ऐन युद्धात स्क्रीन काळी. बॅटरी पण पिटुकली. झेडव्ही-ई१० ला टाइप-सी मधून पॉवर बँक लावून चालवता येतं, मोठी घेऊन जा.

मला विचाराल तर एक इंच सेन्सरचा कॅमकॉर्डर भाड्याने आणा. सोनी एएक्स७०० सारखा. बारा पट झूम, एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काच) आतच, तासन् तास चालतो. बघायला रुबाब नाही, पण गप्प काम करतो.

मिरजमळा

@लग्नशूटर, काका, पूर्वी फोटोच्या कॅमेऱ्यात व्हिडिओ २९ मिनिटं ५९ सेकंदांना बंद पडायचा तो याच तापण्यामुळे का?

लग्नशूटर

नाही ओ, ती जकातीची भानगड. सलग तीस मिनिटं किंवा जास्त रेकॉर्ड करणारा कॅमेरा युरोपात 'व्हिडिओ कॅमेरा' धरायचे आणि त्यावर कर जास्त. मग कंपन्यांनी एक सेकंद आधीच बंद पाडला. कॅननचा ५डी मार्क २ २००८ ला आला तेव्हा तर जेमतेम बारा मिनिटं चालायचा, कारण ४ जीबीच्या पुढे फाइलच करता यायची नाही. आम्ही त्यावर लग्नं केली. मंगलाष्टकं चालू असताना बोट बटणावरच.

शटरबहाद्दर

भाड्याचा मुद्दा पटला. पण एक इंच सेन्सरवर रंगपट धुरकट येईल हे नोंदवून ठेवतो.

डब्लिनची_दीपा

इथल्या मराठी मंडळाची नाटकं मी शूट करते, त्यावरून एक गोष्ट सांगायची आहे जी अजून कोणी बोललं नाही: फ्लिकर.

भारतात वीज ५० हर्ट्झची, इथेही तीच. दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. त्यामुळे कॅमेरा २५ फ्रेमवर आणि शटर १/५० वर ठेवायचं, फार तर १/१००. फोन आणि काही कॅमेरे मुळात ३० फ्रेमवर सेट असतात, शटर १/६० वर जातं आणि चित्रावरून काळे पट्टे वर-खाली सरकू लागतात. सोनीत मेनूमध्ये पाल (२५ फ्रेम) / एनटीएससी (३० फ्रेम) बदलावं लागतं. आयफोनमध्ये सेटिंग्जमधल्या कॅमेऱ्यात पाल फॉरमॅट दाखवा असा पर्याय आहे, तो चालू केल्याशिवाय २५ दिसतच नाही. फोनवर शटर हातात हवं असेल तर ब्लॅकमॅजिकचं कॅमेरा अॅप फुकट मिळतं.

झेडव्ही-ई१० घेतलात तर २५ चा अजून एक फायदा. फोरके ३० ला तो चित्र कडेने सुमारे १.२ पट कापतो, २५ ला पूर्ण सेन्सर वापरतो. रंगपटासारख्या चिंचोळ्या जागेत ती थोडीशी रुंदी सोन्याची.

आवाजवाला

दीपाताई, जत्रेत वीज बऱ्याचदा जनरेटरची असते. तिथे ५० चे ५० च राहतील याची खात्री नाही.

डब्लिनची_दीपा

बरोबर. आणि ते रंगीत एलईडी पार मंद केले की आपल्याच लयीत लुकलुकतात, त्यांचा ५० शी काही संबंध नसतो. तिथे शटर बारीक बारीक पावलांनी बदलता आलं पाहिजे. जीएच५ मध्ये त्यासाठी सिंक्रो स्कॅन आहे, ही त्या म्हाताऱ्याची जमेची बाजू. त्याला रेकॉर्डिंगच्या वेळेची मर्यादाही नाही आणि दोन कार्डं बसतात, एक भरलं की दुसऱ्यावर जातो. त्यामुळे मी त्याला एवढ्या लवकर बाद करणार नाही. रंगमंचाकडे ट्रायपॉडवर उभा करून, फोकस हाताने एकदा लावून ठेवला तर ऑटोफोकसची गरजच काय?

रिळवाला

जरा अवांतर, पण राहवत नाही. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. पैसे लावायला कोणी तयार होईना. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याचा वेल कसा वाढतो ते दिवसांमागून दिवस एकेक फ्रेम घेत टिपलं. पडद्यावर ते जेमतेम मिनिटभराचं. ते बघून सावकाराने पैसे दिले आणि १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' आला. आज ज्याला टाइमलॅप्स म्हणून फोनमध्ये बटण आहे ते.

तळकोकणी, तुमच्या कामाला हे लागू पडतं. मोकळं पटांगण, मग मांडव, मग माणसं, मग पहाटे रिकाम्या पटांगणात पसरलेली पत्रावळ-कागदं. फोन एका माडाला घट्ट बांधून दुपारपासून टाइमलॅप्स लावून द्या. एक्सपोजर आणि व्हाइट बॅलन्स (पांढरा पांढराच दिसावा याची सेटिंग) लॉक करायला विसरू नका, नाहीतर दर फ्रेमला उजेड उड्या मारतो.

फोनपुराण

शेवटी फोनच कामाला आला की नाही!

रिळवाला

माडाला बांधण्यासाठी.

उडतंपाखरू

ड्रोन शॉट पाहिजेच. रात्रीच्या काळोखात मधोमध उजळलेला मांडव. शहारे.

कणकवलीचो_झील

रातचे दोन वाजता देवळार ड्रोन फिरवलंस तर गाववाले देवचार समजान दगड मारतले. मगे म्हणा नको सांगूक नाय.

संपादनकन्या

😂😂 धागा वसूल.

नियमावली

विनोद बाजूला ठेवून: २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, पण हवाई क्षेत्राचा नकाशा बघावाच लागतो. डिजिटल स्कायवर हिरवा, पिवळा, लाल असे भाग दाखवलेत. शिवाय देवस्थान समिती आणि पोलीस पाटील यांना विचारल्याशिवाय गर्दीवर काहीही उडवू नका. आणि पंख्यांचा आवाज सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये घुसेल तो वेगळाच.

कणकवलीचो_झील

आता खरा सांगतंय. कॅमेरो ऱ्हवांदे बाजूक. आधी नाटक कंपनीच्या मालकाक जावन भेट. रंगपटात बसाक मेळता काय बघ. रंग लावताना तेंका कोणी मधी मधी केलेला चलना नाय. एक जत्रा नुसतो बस, कॅमेरो भायर काढू नको. दुसऱ्या जत्रेक तेच तुका म्हणतले, 'काय रे, आज फोटो नाय काढणंस?' मगे काढ.

तळकोकणी_पुण्यात

@कणकवलीचो_झील, देव बरें करो! मामाची ओळख आहे मालकांशी, पण तुझं म्हणणं खरंय, ओळख वेगळी आणि सवय वेगळी.

बाकीच्यांचे पण आभार. आता डोकं गरगरतंय. रंगपटात उजेडाचं काय करू? एक पिवळा बल्ब लोंबत असतो, बस. एलईडी पॅनल न्यावं का?

शटरबहाद्दर

छोटं पॅनल न्या, पुढे डिफ्यूजर (उजेड मऊ करणारा पडदा) लावा, कोपऱ्यातून हळूच मारा.

गॅफर_गोरेगाव

अजिबात नको. मी सेटवर लाइट करतो म्हणून सांगतो. आरशात बघून डोळ्याला काजळ लावणाऱ्या माणसाच्या बाजूने नवा पांढरा दिवा मारलात तर त्याला रंगाचा अंदाज येणार नाही आणि तो तुम्हाला हाकलेल. त्यापेक्षा होल्डर तोच ठेवा, बल्ब बदला. जास्त वॅटचा, पिवळ्याच रंगाचा. एलईडी घेणार असाल तर ९० च्या वर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) लिहिलेला, आणि घरी कॅमेऱ्यावर तपासून, लुकलुकत नाही ना ते बघून. विचारून बदला, सकाळी जुना परत लावा. खोली आहे तशीच दिसते, उजेड मात्र वाढतो.

सावलीची बाजू फारच काळी पडत असेल तर थर्माकोलचा तुकडा. मुंबईतल्या मोठमोठ्या सेटवर आजही तेच चालतं. पांढऱ्या बनियनवाला कलाकार शेजारी बसला असेल तर तोच तुमचा थर्माकोल.

व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका. रंगपटात ३२०० केल्व्हिनला ठेवा, किंचित पिवळं राहू द्या, ती खोली पिवळीच आहे. मांडवात ४००० च्या आसपास एकदा ठरवा आणि हात लावू नका. पार निळे-लाल होत राहतील आणि ऑटो त्यांच्यामागे धावत बसेल.

आवाजवाला

बनियनवाला थर्माकोल 😀

डब्लिनची_दीपा

एक्सपोजरवरही बोला कोणीतरी. गणपतीचा पांढरा-गुलाबी चेहरा आणि त्यानंतर संकासुर येतो तो डोक्यापासून पायापर्यंत काळा, फक्त लाल जीभ. ऑटोवर असेल तर संकासुर आला की कॅमेरा सगळं उजळवतो आणि मागचा पडदा पांढराफटक.

गॅफर_गोरेगाव

सगळं मॅन्युअल. झेब्रा (उजळ भागावर स्क्रीनवर पट्टे दाखवणारी सोय) लावा, ७० च्या आसपास, गोऱ्या रंगवलेल्या चेहऱ्यावर जेमतेम पट्टे दिसतील इतकं. संकासुर काळा आहे, त्याला काळाच राहू द्या. त्याची जीभ आणि डोळे दिसले की काम झालं. घात करतो तो निळा पार. चेहऱ्यावर थेट पडला की एकाच रंगाचा चॅनल भरून जातो आणि नाक-डोळे सपाट होतात, नंतर ग्रेडिंगमध्ये (रंग दुरुस्त करताना) काही परत येत नाही. तसला दिवा असेल तर अर्धा-एक स्टॉप खाली ठेवा.

संपादनकन्या

आता माझं गाऱ्हाणं. सगळे नवखे लोक माझ्याकडे आठ तास रंगमंच आणतात आणि बाकी काहीच आणत नाहीत. मग मी कापू कशावर?

एक कॅमेरा मागे ट्रायपॉडवर, पूर्ण रंगमंच, बंद करायचा नाही. तो माझा आधार. दुसरा तुमच्या हातात, आणि त्याने रंगमंच सोडून बाकी सगळं बघायचं. पेटीवाल्याची बोटं. भात्यावरचा पाय. पुढच्या रांगेत गोधडीत झोपलेली पोरं आणि त्यांच्यामागे डोळे न मिटणारी आजी. रंगमंचावरचं ते एकमेव बाक, जे कधी सिंहासन असतं आणि कधी जंगल. प्रत्येक शॉट किमान दहा सेकंद धरा, मनात मोजा, मध्येच झूम करू नका.

ऐकणाऱ्यांचे चेहरे भरपूर घ्या. संवाद उत्स्फूर्त असतात, लांबतात, मला वीस मिनिटांचं भांडण दोन मिनिटांत आणायचं असतं. वाक्य कापून दुसऱ्या वाक्याला जोडते तेव्हा बोलणाऱ्याचे ओठ दाखवता येत नाहीत. तिथे मी ऐकणारा दुसरा नट किंवा ती आजी ठेवते. आवाज अखंड, चित्र बदललेलं. प्रेक्षकाला शिवण कळत नाही.

आणि दोन्ही कॅमेरे रंगमंचाच्या एकाच बाजूला राहू द्यात. तुम्ही मागच्या पडद्याआडून शूट केलंत आणि मी ते समोरच्याला जोडलं, तर डावीकडे बघणारा राजा अचानक उजवीकडे बघू लागतो. पडद्याआडून घ्यायचंच असेल तर एखाद्या नटाच्या मागोमाग चालत आत जा, कट न करता. मग चालतं.

हिशेबी

कार्डांचा हिशेब कोणी केलाय का? १०० एमबीपीएसने (सेकंदाला १०० मेगाबिट) तासाला ४५ जीबी. सहा तासांचे एका कॅमेऱ्याचे २७० जीबी. दोन कॅमेरे, शिवाय बॅकअपची डिस्क. ६० एमबीपीएसवर तासाला २७. मागच्या स्थिर कॅमेऱ्याला ६० पुरे.

शटरबहाद्दर

@संपादनकन्या, प्रतिसाद चिकटवून ठेवण्यासारखा आहे. दोन कॅमेरे म्हणताय तर माझं 'सोनी, विषय संपला' थोडं मागे घेतो. मागे जीएच५, हातात सोनी, असं भाड्याने जमेल. पण दोन कंपन्यांचे त्वचेचे रंग जुळवताना तुमच्या नावाने बोटं मोडली जातील.

संपादनकन्या

मोडीन की. पैसे घेऊन मोडते.

तळकोकणी_पुण्यात

ठरलं एकदाचं. कॅमेरा विकत घेत नाहीये. रेकॉर्डर, एक कॉलर माइक, बरा ट्रायपॉड आणि कार्डं विकत. मुख्य जत्रेला झेडव्ही-ई१० आणि ३० एमएम एफ/१.४ भाड्याने, मागे लग्नशूटर काका म्हणतात तसा कॅमकॉर्डर. तो पूर्ण रंगमंच उजेडातच घेणार, त्यामुळे एक इंच सेन्सर चालून जाईल. फोन माडावर. पहिल्या जत्रेला झीलने सांगितल्याप्रमाणे रिकाम्या हाताने जातोय, फक्त रेकॉर्डर खिशात आवाजाचा अंदाज घ्यायला.

भाड्याने घेताना काय तपासू?

लग्नशूटर

लेन्सवर टॉर्च मारून ओरखडे आणि बुरशी बघा, पावसाळ्यानंतर बुरशी असतेच. सेन्सरवर डाग आहे का, पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून. दुकानातच वीस मिनिटं रेकॉर्ड करून बघा. आणि सगळ्या वस्तूंचा, चार्जर-कॅपसकट, त्यांच्या माणसासमोर फोनवर व्हिडिओ काढून ठेवा. एका ठिकाणी माझ्याकडून आधीच तुटलेल्या हुकाचे पैसे घेतले होते.

तळकोकणी_पुण्यात

नोंद केली. आणि झील, मागचा कॅमेरा नेमका कुठे उभा करू?

कणकवलीचो_झील

वाजपी बसतत तेच्या समोरच्या अंगाक, खांबाक टेकान. करंट मांडववाल्याकडसून घे, तेका सांजेकच सांगून ठेव. आणि बायकांच्या फुडे तिपाय लावू नको हां. एकदा कोणीतरी लावल्यान होतो, रातभर कॅमेऱ्यात नाटकापेक्षा शिव्याच जास्त इल्यो.

आवाजवाला

त्या शिव्या वेगळ्या ट्रॅकवर घेतल्या असतील तर पाठवून द्या.